घरातला डार्विन

बारावीच्या वर्गाला मी उत्क्रांती शिकवायची, तेव्हा पुस्तकात दोन डार्विन असायचे. एक बावीस वर्षांचा, 'बीगल' जहाजावर चढून जग बघायला निघालेला. दुसरा थेट छातीपर्यंत पांढरी दाढी रुळणारा, माणसाच्या पूर्वजांबद्दल बोलून साऱ्या युरोपला अस्वस्थ करणारा म्हातारा. मुलं दोघांवर टिपा लिहायची, मार्क मिळवायची. मधला माणूस कुठे गेला, असं मला एकाही पोरानं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तेव्हा मला धड सांगताही आलं नसतं.

मधला माणूस घरी होता. १८३६ साली जहाजावरून उतरल्यानंतर चार्ल्स डार्विन पुन्हा कधी ब्रिटनबाहेर गेला नाही. १८४२च्या सप्टेंबरात लंडनपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या डाऊन या खेड्यात त्यानं बिऱ्हाड हलवलं आणि १८८२च्या एप्रिलमध्ये त्याच घरात तो गेला. जवळजवळ चाळीस वर्षं. एक बायको, एकामागून एक झालेली मुलं, नोकरचाकर, कुत्री, कबुतरं आणि स्वतःचं कायम बिघडलेलं पोट. निवृत्त झाल्यावर मी या चाळीस वर्षांच्या मागे लागले. साधन भरपूर आहे. नवराबायकोंची पत्रं आहेत, मुलगा फ्रान्सिस यानं वडिलांच्या रोजच्या दिनक्रमाच्या लिहिलेल्या आठवणी आहेत, मुलगी हेन्रिएटानं जुळवलेला आईच्या पत्रांचा संग्रह आहे. हे सगळं वाचून माझं एक मत झालं आहे. डार्विनचं विज्ञान आपण समजतो त्यापेक्षा फार जास्त घरगुती आहे, आणि मुलाबाळांत रमणारा बाप नसता तर ते असं झालं नसतं.

सुरुवात मात्र अगदी हिशेबी आहे. १८३८च्या जुलैमध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यानं कागदावर दोन रकाने आखले: लग्न करावं, लग्न करू नये. न करण्याच्या बाजूला पुस्तकांना पैसे उरणार नाहीत, वेळ जाईल, क्लबातल्या हुशार माणसांशी गप्पा बंद होतील, असं लिहिलं. करण्याच्या बाजूला मुलं, संगीत, घराला घरपण आणि म्हातारपणी सोबत. ही सोबत कुत्र्यापेक्षा तरी बरी, असंही त्यानं तिथे नोंदवलं आहे. शेवटी गणित सुटल्यासारखं 'लग्न करावं' असं सिद्ध केलं. याच वर्षीच्या शरदात माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना त्याला नैसर्गिक निवडीची किल्ली सापडली. म्हणजे आयुष्यातले दोन मोठे निर्णय त्यानं तीन-चार महिन्यांच्या आत घेतले.

मुलगी घरातलीच होती. एमा वेजवुड, सख्ख्या मामाची मुलगी. मामेबहिणीशी लग्न महाराष्ट्रात पुष्कळ समाजांत चालतं, काही घरांत तर तो हक्कच समजतात, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटायला नको. इंग्लंडातल्या त्या वर्गातही हे सर्रास चालायचं. वेजवुड म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचं प्रसिद्ध घराणं. एमाच्या भावानं आदल्याच वर्षी डार्विनची बहीण केली होती, म्हणजे आपल्या भाषेत चक्क साटंलोटं. एमा नवऱ्यापेक्षा नऊ महिन्यांनी मोठी. २९ जानेवारी १८३९ रोजी लग्न झालं.

लग्नाआधी एक अडचण होती. डार्विनची धर्मावरची श्रद्धा डळमळू लागली होती आणि एमा मनापासून श्रद्धाळू. वडिलांनी, डॉक्टर रॉबर्ट डार्विन यांनी, सल्ला दिला की असल्या शंका बायकोपासून लपवाव्यात. अनुभवी माणसाचा व्यवहारी सल्ला होता. चार्ल्सला तो पाळता आला नाही, त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एमानं त्याला एक पत्र लिहिलं, एकाच घरात राहून. शंका घेणाऱ्यानं दुसरी बाजूही मोकळ्या मनानं बघावी, असा त्याचा सूर आहे. तिची खरी भीती वेगळी होती: मेल्यानंतर आपण दोघं एकमेकांचे उरणार नाही. डार्विननं ते पत्र जन्मभर जपलं. त्याखाली त्याच्या हातच्या दोन ओळी आहेत. मी गेल्यावर एवढं जाण, की या पत्राचं मी कितीदा चुंबन घेतलं आणि त्यावर कितीदा रडलो, अशा अर्थाच्या.

वाद मिटला नाही. चाळीस वर्षं ती रविवारी मुलांना घेऊन चर्चला जात राहिली. मला या दोघांबद्दल सगळ्यात जास्त आदर इथेच वाटतो. कोणी कोणाला जिंकलं नाही, आणि संध्याकाळचा खेळही कधी चुकला नाही. त्या खेळाकडे पुढे येते.

पहिला मुलगा विल्यम १८३९च्या डिसेंबरात झाला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली जेनी नावाची ओरांगउटान मादी डार्विननं नुकतीच निरखून पाहिली होती: तिचा हट्ट, तिचं रुसणं, आरसा दाखवल्यावरची तिची गंमत. आता तशीच वही त्यानं पाळण्याशी उघडली. बाळ शिंकतं केव्हा, दचकतं कशानं, राग पहिल्यांदा कधी दिसला, आरशातलं रूप कधी ओळखलं. तान्ही मुलं सुरुवातीच्या आठवड्यांत रडतात पण डोळ्यांत पाणी येत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीला माहीत असेल. डार्विनला ते कळलं त्याची गोष्ट मोठी गोड आहे. ७७ दिवसांच्या बाळाच्या उघड्या डोळ्याला चुकून त्याच्या कोटाची बाही घासली. त्या डोळ्यातून पाणी वाहू लागलं, बाळानं टाहो फोडला, आणि दुसरा डोळा कोरडाच! कळवळून बाळाला उचलणारा बाप आणि 'अरे, दुसरा डोळा कोरडा आहे' असं मनात टिपणारा निरीक्षक, दोघं एकाच कोटात. ही नोंद १८७२च्या त्याच्या भावनांवरच्या पुस्तकात आहे. विल्यमवरच्या टिपणांचा लेख तर तब्बल ३७ वर्षांनी, १८७७ साली, 'माइंड' या नियतकालिकात आला. बालमानसशास्त्र शिकणाऱ्यांना तो आजही वाचावा लागतो.

मुलं होत राहिली. १७ वर्षांत दहा. 'प्रेमळ नवरा' म्हणताना हा आकडा समोर ठेवावा असं मला वाटतं, कारण ती सगळी बाळंतपणं एमानं काढली आणि त्याच काळात नवऱ्याच्या ओकाऱ्या, चक्कर, डोकेदुखीही तिनंच सांभाळली. डार्विनला तिच्या वेणा बघवत नसत. १८५०च्या जानेवारीत लेनर्डच्या वेळी डॉक्टर वेळेवर पोचला नाही, तेव्हा त्यानं धाडस करून स्वतःच्या हातानं तिला क्लोरोफॉर्म दिला आणि दीड तास बेशुद्धीत ठेवलं. बाळंतपणात हे औषध वापरायला लागून जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. आज कोणी असं केलं तर मी ओरडेन. पण त्या काळी बाळंतिणीच्या खोलीकडे पाठ फिरवून सिगार ओढत बसणाऱ्या पुरुषांच्या जगात हा माणूस रुमाल हातात धरून तिथेच उभा होता.

घरात मुलांना मोकळीक किती होती, ते फ्रान्सिसच्या आठवणींतून कळतं. वडिलांची अभ्यासिका म्हणजे घरातलं वस्तुभांडार. डिंक, दोरा, कात्री, पट्टी, हातोडी, काहीही लागलं की पोरं आत घुसत. अगदीच अति झालं की डार्विन सहनशील चेहऱ्यानं एवढंच म्हणे, की आता पुन्हा येऊ नका, आज फार वेळा आलात. चार वर्षांच्या एका मुलानं तर कामाच्या वेळेत खेळायला चला म्हणून बापाला सहा पेन्सची लाच देऊ केली होती. सूक्ष्मदर्शकासमोरच्या चाकाच्या स्टुलावर बसून मुलं काठीनं रेटत बैठकीत नाव चालवत. जिन्यावर लावायची लाकडी घसरगुंडी होती. लेनर्ड एकदा सोफ्यावर उड्या मारत होता. हे नियमाविरुद्ध आहे, असं बाप म्हणाला. पोरानं उत्तर दिलं, मग तुम्हीच खोलीबाहेर गेलेलं बरं. हा किस्सा घरात वर्षानुवर्षं सांगितला जायचा, म्हणजे मुलाला मार बसला नव्हता हे उघड आहे. आजारी मुलाला अभ्यासिकेतल्या सोफ्यावर पांघरूण घालून निजवलं जाई, म्हणजे बाप डोळ्यासमोर राहील.

'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या हस्तलिखिताची फार थोडी पानं आज शिल्लक आहेत. त्यातल्या काहींच्या मागे मुलांनी चित्रं काढली आहेत, त्यात फळांच्या आणि भाज्यांच्या घोड्यांवर बसलेल्या सैनिकांची लढाईसुद्धा आहे. कागद महाग, बापाच्या लेखी छपाई झालेलं हस्तलिखित रद्दी, आणि मुलांना कोरी बाजू हवी. आठ वर्षं तो बार्नॅकल या प्राण्यांवर काम करत होता, खडकाला आणि जहाजांच्या तळाला चिकटून राहणारे ते कवचधारी जीव. मुलांनी जन्मल्यापासून बापाला हेच करताना पाहिलेलं. शेजारच्या लबक कुटुंबाकडे गेलेल्या एकानं म्हणे विचारलं, तुमचे बाबा त्यांचे बार्नॅकल कुठल्या खोलीत करतात? मुलांचा कामाला उपयोगही होई. बागेत भुंगे ठरावीक वाटांनी फिरतात असं लक्षात आल्यावर डार्विननं पोरांना एकेका झुडपाशी उभं केलं. भुंगा आला की ओरडायचं, आणि बाप मागोवा घेत पळायचा.

हे सगळं पैशावर उभं होतं, हेही सांगते. दोन्ही घराणी श्रीमंत, त्याला आयुष्यात नोकरी करावी लागली नाही. पार्सलो नावाचा बटलर होता, दाई होती, स्वैपाकीण होती. कामावरून दमून येणाऱ्या बापानं स्वतःला डार्विनशी ताडून बघू नये. मुलगे शाळेत गेले, बहुतेक पुढे केंब्रिजलाही, आणि मुली घरी गव्हर्नेसकडे शिकल्या. १८७१च्या पुस्तकात त्यानं स्त्रियांची बुद्धी पुरुषांपेक्षा उणी लिहिली, आणि त्याच पुस्तकाच्या मुद्रितांवरून हात फिरवून भाषा सुधारायचं काम हेन्रिएटा या मुलीकडे दिलं. यातला विनोद त्याला दिसला नसावा.

आता ॲनी. दुसरं अपत्य, १८४१ सालचं. सँडवॉक नावाच्या वाळूच्या पायवाटेवर तो रोज फेऱ्या मारायचा, तेव्हा ही पुढे गिरक्या घेत जायची. बापासाठी चोरून चिमूटभर तपकीर आणायची. अर्धा अर्धा तास त्याचे केस विंचरून 'सुंदर' करत बसायची. १८५०पासून तिची तब्येत बिघडली. १८५१च्या मार्चमध्ये डार्विननं तिला मॅल्व्हर्न गावी डॉक्टर गली यांच्याकडे नेलं. ओल्या चादरी, थंड पाणी असा तो जलोपचार. त्याला स्वतःला त्यानं बरं वाटलं होतं. एप्रिलच्या मध्यावर निरोप आला म्हणून तो धावला. एमा सोबत जाऊ शकली नाही, तिचे दिवस भरत आले होते.

पुढच्या आठवड्याभरात त्या दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं मी सलग वाचू शकले नाही. तो तासातासाचं लिहितो: चमचाभर पेज गेली, उलटी झाली, नाडी जरा बरी, पाणी दिल्यावर तिनं नीट आभार मानले. पत्र एमाच्या हाती पडेपर्यंत आतली आशा शिळी झालेली असे. २३ एप्रिलला दुपारी ॲनी गेली, दहा वर्षांची. क्षय असावा असा आजच्या अभ्यासकांचा कयास आहे. डार्विन दफनाला थांबला नाही, लगेच निघून एमाकडे पोचला. जिवंत माणसाकडे आधी जायचं हे त्यानं ठरवलं, आणि मला ते बरोबर वाटतं. तीन आठवड्यांच्या आत होरेस जन्मला.

ॲनी गेल्यानंतर एका आठवड्यानं, ३० एप्रिलला, त्यानं तिच्याविषयी काही पानं लिहून ठेवली. छापण्यासाठी नव्हेत. पुढे आठवण पुसट होईल तेव्हा वाचता यावं म्हणून. जीवशास्त्रात जसं एखाद्या नमुन्याचं वर्णन करतात तशाच काळजीनं त्यात तिची उंची, डोळे, दात, केस, चाल, हात धरायची लकब टिपली आहे. एमानं तिची लिहायची छोटी पेटी जपून ठेवली. ती पेटी खापरपणतू रँडल केन्स यांच्या हाती आली आणि त्यांनी २००१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. २००९च्या 'क्रिएशन' चित्रपटाचा आधार तेच. ॲनीच्या मृत्यूनं डार्विनचा देव संपला, असं हल्ली सोपं करून सांगतात. मला ते पटत नाही. त्याची श्रद्धा आधीपासून हळूहळू झिजत होती, त्यानं स्वतः तसं लिहून ठेवलं आहे. दुःखाला एवढं मोठं तात्त्विक काम लावायची गरज नसते.

१८५८चा जून आणखी वाईट निघाला. १८ तारखेला आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गअभ्यासकाचं पाकीट आलं. वीस वर्षं डार्विन नैसर्गिक निवडीच्या ज्या कल्पनेवर बसला होता तीच त्या पाकिटात वॉलेसनं दूरच्या बेटांवरून लिहून पाठवली होती. त्याच दिवसांत हेन्रिएटाला घटसर्प आणि गावात स्कार्लेट फीवरची साथ. दहावं अपत्य, दीड वर्षांचा चार्ल्स वॉरिंग, एमाच्या ४८व्या वर्षी झालेला. तो चालायला-बोलायला शिकलाच नव्हता. २८ जूनला तो गेला. लायल आणि हूकर या मित्रांनी दोघांचे निबंध लंडनच्या लिनिअन सोसायटीत १ जुलैला वाचायचं ठरवलं. विज्ञानाच्या इतिहासातली ती संध्याकाळ. डार्विन तिथे नव्हता. त्या दिवशी तो डाऊनच्या चर्चच्या आवारात मुलाला पुरत होता.

दहातली तीन मुलं लहानपणी गेली, उरलेल्यांपैकी काहींची प्रकृती नाजूक. मामेबहिणीशी लग्न केल्याचं हे फळ तर नसेल, हा किडा डार्विनच्या डोक्यात शिरला तो निघाला नाही. त्यानं काय करावं? अकरा वर्षं फुलांवर प्रयोग केले. स्वपरागणानं झालेली रोपं आणि परपरागणानं झालेली रोपं शेजारी शेजारी वाढवून त्यांची उंची, वजन, बिया मोजल्या. स्वपरागणाची रोपं बहुधा खुजी निघाली. १८७०मध्ये शेजारच्या जॉन लबकमार्फत पार्लमेंटात खटपट केली, की पुढच्या जनगणनेत चुलत-मामे लग्नांची चौकशी करावी. खासदारांनी ती सूचना हसण्यावारी नेली. मग मुलगा जॉर्जनं, गणिताच्या माणसानं, नोंदी जमवून १८७५ साली अभ्यास प्रसिद्ध केला: धोका आहे, पण लोक समजतात तेवढा मोठा नाही. आपल्याच आईवडिलांच्या लग्नाचं संख्याशास्त्र मांडणारा दुसरा मुलगा मला माहीत नाही. मामाची मुलगी करणाऱ्या आपल्याकडच्या घरांनी हे प्रकरण जरूर वाचावं. आजचं आनुवंशशास्त्र जॉर्जच्या फार विरोधात जात नाही. एखाद्याच पिढीतल्या अशा लग्नानं धोका थोडा वाढतो, पिढ्यान्‌पिढ्या तेच होत राहिलं तर जास्त.

म्हातारपण शांत गेलं. रोज संध्याकाळी दोघं बॅकगॅमनचे दोन डाव खेळत. फासे आणि सोंगट्यांचा हा खेळ आपल्या सारीपाटाच्या नात्यातला. डार्विन हरला की वैतागायचा. १८७६ साली त्यानं अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रेला मोठ्या रुबाबात कळवलं, की आजवर एमानं २४९० डाव जिंकले आणि मी २७९५! एमा त्याला कादंबऱ्या वाचून दाखवी. शेवट गोड नसलेल्या कादंबऱ्यांविरुद्ध कायदा करायला हवा, असं त्याचं मत.

फ्रान्सिसची बायको बाळंतपणात गेली तेव्हा तो तान्ह्या बर्नार्डला घेऊन आईवडिलांकडे राहायला आला आणि घरात पुन्हा पाळणा हलला. गांडुळांवरचं शेवटचं पुस्तक (१८८१) त्या घरात शिजलं. गांडुळांना ऐकू येतं का हे तपासायला बर्नार्डनं शिटी वाजवली, फ्रान्सिसनं बॅसून नावाचं जाड आवाजाचं वाद्य फुंकलं, एमानं पियानो वाजवला. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या पियानोवरच ठेवल्या, तेव्हा कंपनं जाणवून ती बिळात पळाली. मातीचा कस गांडुळांवर अवलंबून असतो, हे आपल्या शेतकऱ्याला आज कृषी अधिकारी सांगतो, त्याच्या मुळाशी हा घरगुती वाद्यवृंद आहे.

१९ एप्रिल १८८२ला तो गेला, एमा आणि मुलं जवळ असताना. त्याला गावातच पुरायचं होतं. मित्रांनी आणि खासदारांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळवली. एमा तिकडे गेलीच नाही, डाऊनमध्ये थांबली.

१८७६च्या उन्हाळ्यात त्यानं मुलांसाठी आत्मचरित्र लिहून ठेवलं होतं. फ्रान्सिस ते छापायला निघाला, तेव्हा एमानं हस्तलिखित वाचलं आणि धर्मावरच्या काही वाक्यांवर हरकत घेतली. नरकाच्या कल्पनेवर नवऱ्यानं ओढलेले कडक ताशेरे तिला छापील नको होते. लहान मुलांच्या मनात लहानपणीच रुजवलेली देवावरची श्रद्धा आणि माकडाला वाटणारी सापाची उपजत भीती यांची त्यानं केलेली तुलना तर तिला फारच खटकली. भावंडांत मतभेद झाले, पण आईचं ऐकलं गेलं. १८८७ साली पुस्तक निघालं ते काटछाट करून. वाक्यं गाळली गेली त्यांत स्वतः एमाचं भरभरून कौतुक करणारा मजकूरही होता, कारण ती हयात होती. ती १८९६मध्ये गेली. होरेसची मुलगी नोरा बार्लो हिनं १९५८ साली सगळं परत घालून पूर्ण आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. आजोबांचे देवावरचे ताशेरे आणि आजीचं कौतुक, दोन्ही आता एकाच पुस्तकात वाचायला मिळतं, आणि कुठली वाक्यं गाळली होती याचा हिशेबही नोराबाईंनी दिला आहे.